शेतीची पदवी आहे. पण अर्जात ती बोलते का?

शेतकरी बंधूंनो, दरवर्षी आपल्या गावात कृषिदूत आणि कृषिकन्या येतात. कुणाच्या ओसरीवर बसून बीजप्रक्रिया दाखवतात, मातीचा नमुना कसा घ्यायचा ते सांगतात आणि मुक्काम संपला की निघून जातात. अशीच पदवी घेणारा एखादा मुलगा किंवा मुलगी आपल्याही घरात असते. निकाल लागला की घरात एकच विषय: पुढं काय? स्पर्धा परीक्षा, नाहीतर खत-औषधाच्या कंपनीत नोकरी. तिसरी वाट आहे ती कृषी व्यवसाय व्यवस्थापनाची. तिची माहिती गावात पोचेपर्यंत बहुतेक वेळा अर्जाची तारीख उलटून गेलेली असते.

अहमदाबाद आणि लखनौच्या आयआयएममध्ये शेती व्यवसायाचा दोन वर्षांचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. हैदराबादच्या ‘मॅनेज’ या केंद्रीय संस्थेत तो १९९६ पासून चालतो. पुण्यात वैकुंठ मेहता संस्थाही तो शिकवते. डॉ. कुरियन यांनी १९७९ साली आणंदला उभी केलेली ‘इर्मा’ २०२५ मध्ये त्रिभुवन सहकारी विद्यापीठात रूपांतरित झाली. आयआयएम आणि ‘मॅनेज’साठी ‘कॅट’ ही परीक्षा द्यावी लागते. त्यानंतर लेखी उतारा आणि मुलाखत.

इथंच आपली पोरं कमी पडतात. ज्ञान असतं, पण मांडता येत नाही. अर्जात लिहितात, ‘ठिबक सिंचनाचा अभ्यास केला, माती परीक्षण केले.’ अहो, हे तर वर्गातल्या सगळ्यांनीच केलंय! मुलाखत घेणारा पुढचं विचारतो: त्यातून पैसा कुणाचा वाचला, किती वाचला?

कांदा चाळीचंच उदाहरण घ्या. समजा, १०० क्विंटल कांदा भरला आणि चार महिन्यांनी घट-सड जाऊन ७० क्विंटल निघाला. भरताना भाव हजार रुपये असेल, तर काढताना क्विंटलला सुमारे १,४३० रुपये मिळाले तरच मुद्दल सुटतं. चाळीचा खर्च आणि निवडणीची मजुरी वेगळीच. कांदा का सडतो, हे पदवीनं शिकवलं. थांबणं परवडलं की नाही, हा व्यवस्थापनाचा प्रश्न. ज्या मुलाला या दोन्हींची सांगड घालता येते, त्याचा अर्ज वजनदार होतो. म्हणून त्याला घरच्या शेताचा एकरी खर्च वहीत लिहायला लावा. शेतकऱ्याच्याच पोराला आपल्या रानाचा हिशेब सांगता आला नाही, तर मुलाखतीत फजिती ठरलेली.

पदवीनंतर एक-दोन वर्षं शेतकरी उत्पादक कंपनीत किंवा दूध संस्थेत काम केलं, तर आणखी उत्तम. मात्र प्रमाणपत्रावर नुसतं ‘वर्तणूक चांगली’ नको. किती सभासद जोडले, किती माल विकला, काय जबाबदारी होती, ते आकड्यांत लिहून घ्या. न केलेलं काम मात्र लिहू नका. दुसऱ्याच प्रश्नाला ते उघडं पडतं.

‘कॅट’ साधारण नोव्हेंबरअखेर होते. अर्ज ऑगस्ट-सप्टेंबरात भरतात. इंग्रजी, तर्क-माहिती विश्लेषण आणि गणित असे तीन भाग, प्रत्येकी ४० मिनिटं. बरोबर उत्तराला ३ गुण, पर्यायी प्रश्न चुकला तर १ गुण वजा. बारावीला जीवशास्त्र घेऊन गणित सोडलेल्यांनी किमान वर्षभर आधी तयारीला लागावं.

आता दोन शब्द गावकारभाऱ्यांसाठी. इतर मागासवर्गीय विद्यार्थ्यांना केंद्रीय नमुन्यातला नॉन-क्रिमीलेअर दाखला लागतो, आणि जातही केंद्राच्या यादीत असावी लागते. राज्याचा दाखला जोडून आपण निर्धास्त राहतो आणि ऐनवेळी मुलगा खुल्या गटात जातो. आर्थिक दुर्बल घटकाच्या दाखल्यासाठी कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत आणि शेतजमीन पाच एकरांपेक्षा कमी लागते. तो दाखला त्या-त्या आर्थिक वर्षापुरताच चालतो. तलाठी भाऊसाहेब, तुमच्या एका अहवालाला आठ दिवस उशीर झाला, तर पोराचं वर्ष जातं. हे ध्यानात असू द्या.

पालकांनो, फी मोठी असते. शैक्षणिक कर्जाची चौकशी बँकेत आधीच करा. ‘परीक्षेशिवाय प्रवेश देतो’ म्हणणाऱ्याच्या नादी लागून जमीन गहाण टाकू नका. संस्थेतून आदल्या वर्षी बाहेर पडलेली मुलं कुठं लागली, हे त्यांनाच विचारा. बियाणं घेताना आपण पिशवीवरचं लेबल वाचतो. कॉलेज निवडताना तेवढी तरी खात्री करायला नको का?