ठाण्यातील पंधरा घरे

गिरगावातून किंवा दादरहून ठाण्याला जाणाऱ्या मंडळींना त्या गावाचे नाव काढले की तलाव, खाडी आणि १८५३ साली बोरीबंदराहून निघालेली पहिली आगगाडी आठवते. परंतु त्या गाडीच्याही पाच शतके आधी ओडोरिक नावाचा एक इटालियन फ्रान्सिस्कन साधू ठाण्याला आला होता. आपल्या प्रवासवृत्तांतात तो लिहितो की, या गावात नेस्टोरियन लोकांची पंधरा घरे आहेत. ते ख्रिस्ती खरे, पण फुटीर आणि पाखंडी. हे पाखंडी ख्रिस्ती आमच्या कोकणपट्टीत आले कोठून, आणि त्यांचे पाखंड तरी कोणते, याचा आज आपण विचार करू.

इ. स. ४२८ साली नेस्टोरियस हा कॉन्स्टॅन्टिनोपलचा मुख्य धर्माध्यक्ष झाला. पाखंड्यांचे निर्दालन करण्यास बादशहाने आपणास साह्य करावे, म्हणजे आपण त्याला स्वर्ग मिळवून देऊ, अशा अर्थाचे भाषण त्याने पहिल्याच दिवसांत केले. एरियसच्या अनुयायांवर त्याने लगोलग शस्त्र उपसले. तीन वर्षांच्या आत तो स्वतःच पाखंडी ठरला!

वाद एका शब्दाचा होता. येशूची आई मरिया हिला लोक भक्तिभावाने ‘देवमाता’ म्हणत. नेस्टोरियसचे म्हणणे असे की, देव अनादी आहे. त्याला आई कशी असेल? जन्म झाला तो मानवी देहाचा. म्हणून तिला ‘ख्रिस्तमाता’ म्हणावे. आपणांस हे समजण्यास अडचण पडू नये. देवकीला आपण देवाची आई सहज म्हणतो, आणि अजन्मा परमेश्वर जन्माला येतो कसा, हा प्रश्न आपल्याही पंडितांनी पुष्कळ घोळला आहे. अलेक्झांड्रियाचा सिरिल हा नेस्टोरियसचा प्रतिपक्षी. ख्रिस्तातील देव आणि माणूस असे दोन वाटे केले, तर क्रुसावर मेला तो केवळ एक माणूस ठरेल, मग तारण कोणी केले, असा त्याचा सवाल होता. दोघांच्याही बोलण्यात तथ्य होते, हे आरंभीच ध्यानात ठेवले पाहिजे.

निवाड्यासाठी ४३१ साली इफिसस येथे धर्मसभा भरली. पूर्वेकडील बिशप वाटेत होते. त्यांची वाट न पाहता सिरिलने सभा उरकली आणि नेस्टोरियसला पदच्युत केले. काही दिवसांनी पूर्वेकडील मंडळी पोहोचली. त्यांनी वेगळी सभा भरवून सिरिललाच पदच्युत केले. बादशहाने आधी दोन्ही निकाल मान्य केले! पुढे सिरिल सुटला, नेस्टोरियस मात्र इजिप्तमध्ये हद्दपारीत गेला आणि तिकडेच वारला. त्या अवस्थेत लिहिलेला त्याचा ग्रंथ सीरियन भाषांतराच्या रूपाने तेवढा उरला आणि तो छापला गेला १९१० साली. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्याच तोंडून ऐकायला जगाला सुमारे साडेचौदाशे वर्षे लागली.

इराणातील ख्रिस्ती मंडळींनी इफिससचा निकाल स्वीकारला नाही. रोमन साम्राज्याशी इराणचे हाडवैर. तेव्हा रोमपासून वेगळे असणे त्यांच्या सुरक्षिततेलाही हिताचे होते. त्यांनी स्वतःला ‘पूर्वेची मंडळी’ म्हटले. ‘नेस्टोरियन’ हे नाव दुसऱ्यांनी डकवले. व्यापाऱ्यांच्या सोबतीने हा पंथ दूरवर गेला. चीनमध्ये ७८१ साली उभारलेला त्यांचा शिलालेख प्रसिद्ध आहे. सहाव्या शतकात कॉस्मस नावाचा अलेक्झांड्रियाचा व्यापारी लिहितो की, कल्लियाना येथे इराणात दीक्षा मिळालेला बिशप आहे. हे कल्लियाना म्हणजे आपले कल्याण, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. ठाण्याच्या पंधरा घरांचा संबंध या जुन्या दर्यावाटेशी आहे.

त्या घरांचे मोठेपण १३२१ सालच्या एप्रिल महिन्यात दिसले. टोलेंटिनोचा थॉमस आणि त्याचे तीन सोबती चीनकडे निघाले असता ठाण्यास उतरले. रोमच्या दृष्टीने यजमान पाखंडी. तरी या साधूंना छप्पर मिळाले ते एका नेस्टोरियन घरी. ओडोरिक सांगतो की, त्या घरातील नवराबायकोचे भांडण काझीपुढे गेले, साक्षीदार म्हणून साधूंची नावे निघाली, आणि चौकशी भलत्याच धर्मवादावर जाऊन चौघेही प्राणास मुकले. त्यांचा सहप्रवासी जॉर्डेनस याने त्यांना सोपाऱ्यास पुरले. पुढे ओडोरिक त्यांच्या अस्थी चीनला घेऊन गेला. ज्या घराने आपल्या बांधवांना आसरा दिला, त्या घराला ‘पाखंडी’ हा शब्द मात्र त्याच्या लेखणीतून सुटला नाही.

पुढे १५९९ साली केरळात उदयंपेरूर येथे गोव्याच्या आर्चबिशपांनी सभा भरवली आणि या परंपरेचे सीरियन ग्रंथ दुरुस्त करण्याचा वा जाळण्याचा हुकूम झाला. ग्रंथ जळाले, माणसे दुखावली, आणि १६५३ साली तेथील मंडळीत मोठी फूट पडली. पाखंड मोडायला गेलेल्यांनी एकी मोडली.

यावरून श्रद्धावंताने घ्यायचे काय? मतभेद खोटे असतात असे आम्ही म्हणत नाही. सिरिलचा प्रश्न खरा होता, नेस्टोरियसची शंकाही खरी होती. परंतु ग्रीक शब्दाला सीरियन प्रतिशब्द योजताना अर्थ थोडा सरकला, की तेवढ्यावर माणूस धर्मबाह्य ठरू लागला. दुसऱ्याचे म्हणणे त्याला स्वतःला पटेल अशा शब्दांत मांडता येईपर्यंत निवाडा करू नये, एवढा धडा कोणत्याही धर्माच्या माणसाने घ्यावा. नेस्टोरियसने एरियसच्या अनुयायांसाठी तो पाळला असता, तर त्याच्यासाठी तो पाळा म्हणण्याचा अधिकार त्याला उरला असता.

दादरचे पोर्तुगीज चर्च १५९६ साली फ्रान्सिस्कनांनी स्थापिले, आणि ते मरियेच्याच नावाने आहे. तिला कोणत्या नावाने हाक मारावी हा वाद १९९४ च्या ११ नोव्हेंबरला रोममध्ये मिटला. पोप दुसरे जॉन पॉल आणि पूर्वेच्या मंडळीचे प्रमुख मार दिन्खा यांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. ‘देवमाता’ आणि ‘ख्रिस्तमाता’ ही दोन्ही संबोधने एकाच श्रद्धेची आहेत, असे त्यांनी मान्य केले. इफिससपासून तोवर १५६३ वर्षे गेली होती. ठाण्यातील त्या घराने दार उघडताना एवढी वाट पाहिली नव्हती.