रॉक कोणाचे?

द्वितीय वर्ष, कला शाखा

रॉक म्हटले की आपल्याकडे दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. वडीलधारी मंडळी 'नुसता धांगडधिंगा' म्हणून कानांवर हात ठेवतात. आणि आपल्यातले बरेच जण 'ते इंग्रजी शाळेतून आलेल्यांचे, आपले नव्हे' असे समजून बाजूला होतात. पहिल्या आक्षेपाला उत्तर देणे सोपे आहे. दुसरा मात्र मनाला लागतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच, आणि इंग्रजी गाण्याचे शब्द मला आजही दोन-तीनदा ऐकल्याशिवाय उमगत नाहीत. म्हणून निरनिराळ्या सालांतली माझ्या आवडीची तीन गाणी व दोन अल्बम घेऊन, हे संगीत कोणाच्या मालकीचे, एवढेच प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

आधी त्याची घडण पाहू. रॉकचा सरंजाम मोजका असतो : विजेवरची गिटार, खर्जाचा आधार देणारी बास गिटार, ड्रम आणि गायक. चार मात्रांपैकी दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर ड्रमचा कडक ठोका पडतो. आपला पाय हलतो तो त्यामुळे. पखवाज, टाळ, पेटी आणि बुवा मिळून चाल कशी उचलतात हे ज्याने गावच्या भजनात ऐकले आहे, त्याला बँड वेगळा समजावून सांगायला नको. 'इंडी' हे 'इंडिपेंडंट'चे लघुरूप. मोठ्या कंपनीच्या आश्रयावाचून, बहुधा पदरमोड करून काढलेले संगीत ते इंडी.

पहिले गाणे १९६८ सालचे, 'बीटल्स'चे 'द इनर लाइट'. जॉर्ज हॅरिसनने त्याचे वादन त्या वर्षीच्या जानेवारीत मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत ध्वनिमुद्रित केले. सरोद, शहनाई, बासरी, पेटी ही वाद्ये वाजवणारे सारे भारतीय. शब्दांमागचा विचार चीनच्या 'ताओ ते चिंग' या प्राचीन ग्रंथातला. जगातल्या सर्वांत गाजलेल्या बँडचे हे गाणे, पण त्यात गिटार नावालाही नाही!

दुसरे १९७५ सालचे, 'क्वीन'चे 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'. त्याचा कर्ता व गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे मूळचा फरोख बलसारा. झांझिबारमधल्या पारशी घरातला हा मुलगा शिकला आपल्या पाचगणीत, सेंट पीटर्स शाळेत. घरापासून इतक्या दूर, वसतिगृहात राहून तो तेथे पियानो शिकला आणि मित्रांसह 'द हेक्टिक्स' नावाचा बँडही त्याने काढला. पाच मिनिटे पंचावन्न सेकंदांच्या या गाण्यात ध्रुवपद नाही. आरंभी संथ विलाप, मध्ये ऑपेरा, मग गिटारींचा गडगडाट आणि शेवटी पुन्हा शांतता. ऑपेराचा भाग तिघांनीच गायला. पण आवाजावर आवाज चढवत एवढ्या वेळा मुद्रित केला, की मोठा गायकवृंद गात असल्याचा भास होतो. ब्रिटनमध्ये हे गाणे सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. वसतिगृहाच्या खोलीत मोबाइलवर ते ऐकताना गायक मला परका वाटत नाही.

१९८४ साली मुंबईत 'रॉक मशीन' हा बँड निघाला. उदय बेनेगल, महेश तिनईकर ही त्यातली नावे. त्या काळी आपल्याकडचे बहुतेक बँड परदेशी गाण्यांच्या हुबेहूब नकला करीत आणि श्रोत्यांनाही तेच हवे असे. या मंडळींनी १९८८ साली 'रॉक अँड रोल रेनेगेड' हा स्वतःच्या रचनांचा अल्बम काढला. भाषा इंग्रजीच होती. पण नक्कल सोडली, हे धाडस लहान नव्हे.

तिसरे गाणे आपल्या पुण्याच्या 'अग्नी' बँडचे, 'साधो रे'. या बँडचा 'उजाले बाकी हैं' हा पहिला अल्बम २००७ सालचा. या गाण्याचे शब्द कबीरांचे. राजा असो की रंक, जाणे कोणाला चुकले नाही, हे सांगायला त्यांना अवघड शब्द लागले नाहीत. हे ऐकताना मला शब्दकोश उघडावा लागला नाही. कबीर आमच्या गावच्या भजनातही आहेत. येथे त्यांना गिटारीची साथ मिळाली, इतकेच.

पुढे २०१० साली पुण्यात 'एनएच सेव्हन वीकेंडर' हा महोत्सव सुरू झाला आणि अशा बँडना मोठा मंच मिळाला. पुण्याच्याच 'ईझी वाँडरलिंग्ज'चा 'ॲज रिटन इन द स्टार्स' हा २०१७ सालचा इंडी अल्बम मला त्यातल्या हळुवारपणासाठी आवडतो. रॉक म्हणजे केवळ गोंगाट, असे म्हणणाऱ्यांनी तो जरूर ऐकावा.

तात्पर्य, या संगीताचा सातबारा कोणा एकाच्या नावावर नाही. झांझिबारचा पारशी, मुंबईचे वादक, काशीचा विणकर, पुण्याची पोरे अशा सर्वांचे हात त्याला लागले आहेत. मात्र एक गोष्ट खटकते. माझ्या या यादीत मराठी गाणे एकही नाही. गिटारीला भाषा नसते, तिला आपण देऊ ती भाषा ती बोलते. आपल्या स्नेहसंमेलनात दरवर्षी दुसऱ्यांचीच गाणी गायली जातात. येत्या संमेलनात निदान एक तरी गाणे आपल्यापैकी कोणी लिहिलेले, आपल्या बोलीतले आणि आपल्याच चालीचे असावे. प्राध्यापकवर्गाने त्यासाठी एक हॉल आणि एक माइक द्यावा. बाकीची पदरमोड आम्ही करू.