मुंबईतील दुकानाचा गाळा आणि प्रमाण भाडे

मुंबईच्या जुन्या बाजारपेठांतील गाळ्यांचे दावे वरवर पाहता ताब्याचे वाटतात. परंतु त्यांचे मूळ बहुधा भाड्याच्या आकड्यात असते. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजी जागेला जे भाडे होते तेच सामान्यतः ‘प्रमाण भाडे’ मानले. टंचाईच्या काळात भाडेकरूची नड पाहून मालकाने भाडे वाढवू नये, हा त्यामागील हेतू रास्तच होता. परंतु तात्पुरता म्हणून केलेला हा कायदा मुदतवाढीवर अर्धशतक टिकला. रुपयाचे मोल घसरले, दुरुस्तीचा खर्च वाढला, गाळ्यातील मालाच्या किमती चढल्या. भाडे मात्र जवळजवळ जागच्या जागी राहिले. उघड मार्ग बंद झाल्यामुळे जागेचे खरे मूल्य पागडीच्या रूपाने हात बदलू लागले. वस्तुतः पागडी घेणे हा मालकाच्या बाबतीत गुन्हा होता.

मालपे विश्वनाथ आचार्य विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये या प्रश्नाचा निकाल दिला. आरंभी वाजवी असलेली तरतूद कालांतराने अवाजवी व स्वैर ठरू शकते, हे त्यातील प्रमुख तत्त्व होय. तथापि कायद्याची मुदत ३१ मार्च १९९८ रोजी संपणार असल्याने न्यायालयाने ती कलमे रद्द केली नाहीत.

पुढे १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याने दरसाल ४ टक्के भाडेवाढीस मुभा दिली व पागडीही वैध केली. याहून महत्त्वाचा बदल म्हणजे बँका, सार्वजनिक उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि १ कोटी रुपये वा अधिक भरणा झालेले भागभांडवल असणाऱ्या कंपन्या या भाडेकरूंचे संरक्षण काढून घेण्यात आले. अशांचा मासिक भाडेपट्टा, वेगळा करार नसल्यास, १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यान्वये १५ दिवसांच्या नोटिशीने संपविता येतो. येथे ऐपतीचे माप काहीसे ओबडधोबड आहे, असे म्हणावे लागते; कारण भागीदारीतील पेढी कितीही सधन असली तरी ती संरक्षणाच्या छत्राखालीच राहते.

संरक्षित दुकानदाराविरुद्ध मालकाचे मुख्य साधन म्हणजे स्वतःची वाजवी व खरीखुरी गरज. ती सिद्ध झाली तरी निकाल आपोआप मालकाकडे झुकत नाही. हुकूमनामा दिल्याने व नाकारल्याने कोणाला अधिक त्रास होईल, हे न्यायालयास पडताळावे लागते, आणि भाडेकरूस दुसरी सोयीची जागा मिळू शकते काय, हाही त्यातीलच मुद्दा होय. गिऱ्हाईक जागेशी बांधलेले असते, हे दुकानदाराचे नेहमीचे म्हणणे. मुलाला धंदा थाटून द्यावयाचा आहे, हे मालकाचे. उभयतांचा त्रास अंशतः ताबा दिल्याने टळत असेल, तर न्यायालयाने गाळ्याच्या तेवढ्याच भागापुरता हुकूमनामा द्यावा, अशी तरतूद कायद्यात आहे.