पैदाशीचा ससा निवडताना

जालना हे बियाण्यांचे शहर म्हणून देशभर ओळखले जाते. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये येथे 'महिको' ही बियाणे कंपनी स्थापन केली. भारतातील बियाणे उद्योगाच्या उभारणीबद्दल त्यांना १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. संकरित बियाणे घेताना नर वाण कोणता आणि मादी वाण कोणता याचा विचार आधी करावा लागतो, हे या जिल्ह्यातील शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. मात्र गच्चीवर किंवा गॅलरीत हौसेने पाळल्या जाणाऱ्या सशांच्या बाबतीत हा विचार अभावानेच होतो. मुलांच्या आग्रहाखातर बाजारातून एक जोडी आणली जाते, काही महिन्यांत मादी पिल्ले देते आणि त्यांतली काही दगावली की 'ससा जात्याच नाजूक' असे म्हणून विषय संपतो. यातील बऱ्याच मृत्यूंचे मूळ नराच्या निवडीत असू शकते.

मादी एका वेतात साधारणपणे चार ते आठ पिल्ले देते. गर्भकाळ अवघा ३० ते ३२ दिवसांचा असतो आणि व्यायल्याबरोबर ती पुन्हा गाभण राहू शकते. घरात दोन-तीन माद्या असल्या, तरी नर बहुधा एकच असतो. त्यामुळे मादीतील दोष तिच्या वेतापुरता राहतो. नरातील दोष मात्र घरातल्या प्रत्येक वेतात उतरतो. म्हणूनच निवडीची कसोटी नराला अधिक कडक लावणे अगत्याचे ठरते.

ससा आणि रानससा

मराठीत 'ससा' हा एकच शब्द दोन निराळ्या प्राण्यांसाठी वापरला जातो. पिंजऱ्यात पाळला जाणारा ससा मूळचा युरोपातील. जालना जिल्ह्यातील शेतशिवारांत, माळरानांवर दिसणारा तो रानससा. पाळीव सशाची पिल्ले जन्मतः आंधळी व केसविरहित असतात, तर रानसशाची पिल्ले उघड्या डोळ्यांनी आणि अंगभर केसांसह जन्मतात. पाळीव सशात ४४ आणि रानसशात ४८ गुणसूत्रे असतात, त्यामुळे दोघांचा संकर होत नाही. शेतात सापडलेला रानससा 'काटक नर' म्हणून घरी आणणे हे त्यामुळे निरर्थक आहेच, शिवाय रानसशाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण असल्याने तो गुन्हाही ठरतो.

वय, वजन आणि नाते

प्रथम नर हा नरच आहे याची खात्री करावी. लहान पिल्लांची पारख करताना विक्रेत्यांचीही चूक होते. जननेंद्रियाशेजारी हलका दाब दिल्यावर नरात गोल टोक दिसते, तर मादीत लांबट फट. तीन महिन्यांच्या सुमारास नराची वृषणे खाली उतरलेली दिसू लागतात. ती दोन्ही उतरलेली आणि आकाराने सारखी असावीत. एकच वृषण उतरलेला नर पैदाशीसाठी वर्ज्य मानावा. लहान व मध्यम जातींचा नर सहा महिन्यांनंतर, तर मोठ्या जातीचा आठ-नऊ महिन्यांनंतर वापरावा.

नर वजनाने मादीइतका किंवा तिच्याहून किंचित लहान असावा. थोराड नर आणि लहानखुरी मादी अशी जोडी लावल्यास पिल्ले पोटात मोठी होतात आणि प्रसूती अडण्याचा धोका असतो.

तिसरी बाब नात्याची. दुकानातून आणलेली 'जोडी' अनेकदा एकाच वेताची, म्हणजे सख्खी भावंडे असते. अशा जोडीपासून झालेल्या पिल्लांत दडलेले दोष उघड होण्याची शक्यता वाढते. त्यामुळे नर शक्यतो दुसऱ्या घरातून किंवा दुसऱ्या विक्रेत्याकडून आणावा आणि त्याच्या आई-बापांची माहिती विचारून घ्यावी.

दात, नाक आणि तळवे

डौलदार कान आणि मऊ केस यांना भुलण्याआधी नराचे तोंड उघडून पाहावे. सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात. वरचे आणि खालचे पटाशीचे दात एकमेकांवर घासले गेल्याने त्यांची लांबी आटोक्यात राहते. खालचा जबडा पुढे आलेला असेल, तर दात जुळत नाहीत, वाकडे वाढून तोंडात रुततात आणि प्राणी भरल्या ताटासमोर उपाशी राहतो. हा दोष बऱ्याचदा आनुवंशिक असतो. दात कापून तात्पुरता आराम मिळतो, पण पिल्लांतील दोष टळत नाही. त्यामुळे जन्मतः असा जबडा असलेला नर कितीही देखणा असला तरी नाकारावा.

त्यानंतर नाक व पुढचे पाय पाहावेत. वाहते नाक आणि नाक पुसून चिकट झालेले पंजे ही श्वसनमार्गाच्या जुनाट संसर्गाची खूण असते. कानात तपकिरी खपल्या असल्यास खरजेचे किडे समजावेत. जननेंद्रियावर किंवा नाकाभोवती खपल्या असतील, तर तो मीलनातून पसरणारा सशांचा रोग असू शकतो. तो माणसाला होत नाही, मात्र मादीला होतो. मागच्या तळव्यांवर दाट केस हवेत. विरळ केसांच्या तळव्यांना तारेच्या पिंजऱ्यात जखमा होतात आणि ही प्रवृत्तीही पुढच्या पिढीत उतरते.

ठेंगू जातींचा हिशेब

मोठ्या शहरांतून येणाऱ्या ठेंगण्या, आखूड तोंडाच्या सशांना अलीकडे मागणी आहे. त्यांच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. खऱ्या ठेंगू सशाचे लहानपण एका विशिष्ट जनुकामुळे येते. ते जनुक आई आणि बाप दोघांकडून मिळालेले पिल्लू जगत नाही. दोन्ही पालक असे ठेंगू असतील, तर सरासरीने चारांतील एक पिल्लू जन्मताच अतिशय खुरटे असते आणि काही दिवसांत दगावते. ही दूध किंवा निगा कमी पडल्याची खूण नसून जोडी लावतानाच ठरलेली गोष्ट असते.

जालन्याचा उन्हाळा

देशात सशांवरील महत्त्वाचे संशोधन कुलू खोऱ्यातील गारसा आणि कोडाईकनालजवळील मन्नावनूर अशा थंड ठिकाणच्या केंद्रांत झाले, हा केवळ योगायोग नव्हे. सशाला घाम येत नाही. तो अंगातील उष्णता मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो. तापमान सतत ३० अंश सेल्सिअसच्या पुढे राहिले की नराच्या शुक्रजंतूंची संख्या आणि हालचाल घटते, काही नर तात्पुरते वंध्य होतात. जालन्यात मार्चपासूनच ऊन तापू लागते आणि मे महिन्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो. नवे सुदृढ शुक्रजंतू तयार होण्यास सहा ते आठ आठवडे लागतात. म्हणजे जूनमध्ये पाऊस पडून हवा निवली, तरी नर पूर्ववत होण्यास ऑगस्ट उजाडतो.

हा हिशेब ठाऊक नसल्याने मे ते जुलैदरम्यान मादी गाभण राहिली नाही की 'ही वांझ आहे' असे म्हणून तीच विकली जाते. दोष मादीच्या माथी मारण्यापूर्वी नर उन्हाळाभर कुठे ठेवला होता, हे पाहणे आवश्यक आहे. पत्र्याखालचा पिंजरा, पश्चिमेकडील गॅलरी आणि बंद गच्ची या जागा टाळाव्यात. पैदास ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळातच करावी. नराची परीक्षाही याच काळात घ्यावी. मीलनासाठी मादीला नराच्या पिंजऱ्यात न्यावे. उलट केल्यास मादी आपल्या जागेच्या रक्षणासाठी नराला चावते.

आधी पिल्लांची सोय

या सर्व कसोट्यांना उतरणारा नर मिळाला, तरी एक प्रश्न उरतो. होणारी पिल्ले जाणार कुठे? चांगला सांभाळ झालेला ससा आठ-दहा वर्षे जगतो. पिल्लांना घरे आधी ठरलेली नसतील, तर नर व मादी वेगळे ठेवावेत किंवा सशांचा अनुभव असलेल्या पशुवैद्यकाकडून नराचे निर्बीजीकरण करून घ्यावे. शस्त्रक्रियेनंतरही चार ते सहा आठवडे नर फलनक्षम राहू शकतो, म्हणून तेवढा काळ त्याला मादीपासून दूर ठेवावे. दात, वंश किंवा वजनाच्या कसोटीवर नाकारलेल्या नरालाही हाच मार्ग खुला आहे. पैदाशीसाठी अयोग्य ठरलेला ससा घरातील सोबती म्हणून अयोग्य ठरत नाही.