खाणीचे शिक्षण आणि खाणीतला माणूस

वांद्रे पूर्वेच्या सरकारी वसाहतीत माझे बालपण गेले. वडील सचिवालयात शिपाई होते. निवृत्तीनंतर मी पुन्हा वांद्र्यालाच राहायला आलो आणि दर रविवारी वस्तीतल्या एका अभ्यासिकेत मुलांच्या शंका सोडवायला बसतो. गेल्या वर्षी तिथे बारावी झालेला एक मुलगा वडिलांना घेऊन आला. प्रवेशपरीक्षेत त्याचा जो क्रमांक लागला होता त्यावर नागपूरला मायनिंग मिळत होते. काँप्युटर मिळत नव्हते. वडील महापालिकेच्या सफाई खात्यात. ते म्हणाले, "सर, आमच्या बापजाद्यांनी दगडमातीच उपसली. पोराने इंजिनियर होऊनही तेच करायचे का?"

मी तीस वर्षे पदवीच्या विद्यार्थ्यांना खाणकाम अभियांत्रिकी शिकवली. तरी त्या गृहस्थांच्या प्रश्नाला त्या दिवशी मला धड उत्तर देता आले नाही. ते उत्तर शोधण्यासाठी हे लिहीत आहे.

मुंबईत खाणकामाची पदवी मिळत नाही. महाराष्ट्रात या विषयाचे घर म्हणजे नागपूर. नागपूर म्हटले की आपल्याला दीक्षाभूमी आठवते. पण भारतीय खाण ब्यूरोचे मुख्यालय त्याच शहरात आहे, वेस्टर्न कोलफील्ड्सचे आणि मँगनीज काढणाऱ्या मॉयलचेही तिथेच आहे. भोवती उमरेड, सावनेर, घुग्घुस, वणी, बल्लारपूर इथला कोळसा आणि भंडारा जिल्ह्यातल्या चिखला व डोंगरी बुजुर्ग इथले मँगनीज. म्हणून तिथल्या विश्वेश्वरय्या संस्थेत हा विषय पदवीला आहे. मी स्वतः मात्र धनबादला शिकलो, काही वर्षे कोळशाच्या खाणीत नोकरी केली आणि मग विदर्भातल्या एका महाविद्यालयात शिकवायला लागलो.

या विषयात काय शिकवतात? खडक फोडणे, फोडलेले वर आणणे, आत हवा पोहोचवणे, पाणी बाहेर काढणे आणि छत पडू न देणे. सगळा अभ्यासक्रम या पाच गोष्टींत बसतो. त्यातली शेवटची जरा विस्ताराने सांगतो, कारण या विषयाचे मर्म तिच्यात आहे.

जमिनीखालून कोळसा काढताना सगळाच काढता येत नाही. थरामध्ये आडवेउभे बोगदे पाडत जातात आणि मधले चौकोन खांब म्हणून ठेवतात. वरच्या डोंगराचे ओझे हे खांब पेलतात. समजा, थर शंभर मीटर खोल आहे. वरच्या खडकाचे वजन घनमीटरला अडीच टन धरले, तर थराच्या प्रत्येक चौरस मीटरवर २५० टन ओझे येते. बोगदे चार मीटर रुंद आणि खांब सोळा बाय सोळा मीटरचे ठेवले. म्हणजे एका खांबाच्या वाट्याला वीस बाय वीस, चारशे चौरस मीटर छत आले. आणि ते पेलायला खांबाचे क्षेत्र फक्त २५६ चौरस मीटर. बोगद्यांच्या जागेवरचे ओझेही खांबालाच घ्यावे लागते. भागाकार केला की खांबाच्या दर चौरस मीटरवर सुमारे ३९० टन येतात.

आता महिनाअखेरीला उत्पादनाचा आकडा गाठायचा आहे म्हणून कुणी प्रत्येक खांबाची चारी बाजूंनी एकेक मीटर कड खरवडली. खांब उरला चौदा बाय चौदा, १९६ चौरस मीटरचा. ओझे तेवढेच आहे. ते आता दर चौरस मीटरला ५१० टन झाले. आणि उंची तीच राहून खांब बारीक झाला, म्हणजे त्याची स्वतःची ताकदही घटली. फायदा काय झाला, तर एका खांबामागे साठ चौरस मीटरचा कोळसा.

हा भागाकार मी वर्षानुवर्षे फळ्यावर मांडला. मुले उतरवून घेत. उत्तर बरोबर आले की पूर्ण गुण. त्या खांबाशेजारी पाळीला कोण उभे असते, हे या गणितात कुठेच येत नाही. पाठ्यपुस्तकात छताला व्याख्या आहे, खांबाला आहे, वायूंना आहे. माणूस येतो तो 'प्रतिपाळी प्रतिमाणशी उत्पादन' या आकड्याच्या छेदात.

मी धनबादला शिकत असताना, २७ डिसेंबर १९७५ रोजी, जवळच्या चासनाला खाणीत जुन्या कामांत साठलेले पाणी फुटून आत शिरले आणि सुमारे पावणेचारशे माणसे गेली. पाणी भरलेल्या जुन्या कामापासून ६० मीटरच्या आत खणायचे तर आधी परवानगी घ्यावी आणि पुढे भोके पाडून चाचपत जावे, असा नियम होता. त्या परीक्षेत हाच नियम आम्हाला पाच गुणांना आला. मी तो बरोबर लिहिला. आपण काय लिहीत आहोत, हे मात्र मला पुष्कळ वर्षांनी कळले.

ते कळायला कारण झाला माझाच एक विद्यार्थी. घुग्घुसकडचा, बौद्ध घरातला, वडील खाणीत लोडर. क्षेत्रभेटीला आम्ही एका भूमिगत खाणीत उतरलो होतो. हा मागे राहिला, हातातल्या काठीने छत ठोकू लागला आणि म्हणाला, "सर, इथे उभे राहू नका. छत बद्द वाजतेय." सोबतच्या अधिकाऱ्याने हसून घेतले. पुढे गेल्यावर एका खांबाकडे बोट दाखवून तो म्हणाला, "हा पोपडे टाकायला लागलाय, याच्यावर ओझे आलेय." दोन्ही गोष्टी शंभर टक्के बरोबर होत्या. छत शाबूत असले की काठीचा आवाज खणखणीत येतो, थर सुटलेला असला की बद्द, पोकळ येतो. हे मीच वर्गात सांगितले होते, फक्त इंग्रजीतून. त्याच सत्राच्या तोंडी परीक्षेत मी त्याला खांब फुटण्याची लक्षणे विचारली. तो 'पोपडे' म्हणाला. मला इंग्रजी संज्ञा हवी होती. ती त्याला आली नाही. मी वीसपैकी सहा गुण दिले. शेजारी बसलेल्या एका डॉक्टरांच्या मुलाला ती संज्ञा पाठ होती. त्याने जन्मात काठीने छत ठोकले नव्हते. त्याला सतरा.

त्या मुलाला सहा गुण देणारा मीही शिपायाचाच मुलगा. दुसऱ्या कुणी दिले असते तर मी त्याच्यावर लेख लिहिला असता. आपण वर गेलो की वरच्यांची मोजपट्टी आपल्याही हातात येते आणि ती आपल्याला आपलीच वाटू लागते. पुढच्या वर्षापासून मी एवढेच केले: तोंडी परीक्षेत उत्तर कोणत्याही भाषेत चालेल असे आधीच सांगू लागलो, आणि पहिल्या महिन्यात मुलांना पुस्तकाऐवजी एका निवृत्त खाण सरदाराच्या हवाली करू लागलो. सहकाऱ्यांना ते फारसे रुचले नाही.

'सरदार' हा शब्द वाचून कुणी फसू नये. खाणीतला सरदार म्हणजे आपल्या टापूतली पाळी सुरू होण्याआधी आत फिरून छत, वायू, हवा तपासणारा परवानाधारक माणूस. धोका दिसला तर कामगारांना बाहेर काढण्याचा अधिकार त्याला कायद्याने आहे. त्याच्या वर ओव्हरमन, त्याच्या वर सहायक व्यवस्थापक आणि सर्वांत वर व्यवस्थापक. नुसत्या पदवीने व्यवस्थापक होता येत नाही. पदवीनंतर ठरावीक काळ खाणीत काम करून खाण सुरक्षा महासंचालनालयाची परीक्षा द्यावी लागते, तेव्हा आधी दुसऱ्या वर्गाचे आणि मग पहिल्या वर्गाचे प्रमाणपत्र मिळते. खाण त्या प्रमाणपत्रधारकाच्या नावावर चालते. खांबाची कड खरवडायची की नाही, या कागदावर सही त्याची असते.

आपल्या लोकांनी खाणी काही कमी पाहिल्या नाहीत. दगड फोडणारे हात, टोपली उचलणारी डोकी आपलीच होती. मुंबईच्या जुन्या इमारतींना लागलेला मालाडचा आणि कुर्ल्याचा दगड आपोआप वर आला नाही. सहीच्या जागी मात्र आपण फार उशिरा पोहोचलो. १९७१ ते १९७३ या काळात कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, सार्वजनिक क्षेत्र आले, त्याबरोबर राखीव जागा आल्या आणि आपली मुले प्रथमच अधिकारी म्हणून पिंजऱ्यातून खाली उतरली. आज कोल इंडियाचा नव्वद टक्क्यांहून अधिक कोळसा खुल्या खाणींतून येतो, आणि तिथली माती काढण्याचे बरेचसे काम कंत्राटदार करतात. कंत्राटदाराकडे आरक्षण नसते. २०२० पासून खाजगी कंपन्यांना विक्रीसाठी कोळसा काढण्याचे लिलाव सुरू झाले, तिथेही नाही. मुलांना हे न सांगता नुसते 'स्कोप आहे' म्हणणे मला फसवणूक वाटते.

मुलींचेही सांगितले पाहिजे, कारण इथे बाबासाहेबांचा संबंध येतो आणि आपल्या व्याख्यानांत तो अर्धाच सांगितला जातो. स्त्रियांना भूमिगत कामातून हळूहळू कमी करत १९३७ मध्ये पूर्ण बंदी आली होती. नवऱ्याने कोळसा तोडायचा आणि बायकोने वाहायचा, अशी जोडीची मजुरी असे. बंदीने धोका टळला आणि घरातली निम्मी कमाईही गेली. युद्धकाळात मजूर लष्करी बांधकामांकडे वळले, कोळसा कमी पडू लागला, तेव्हा १९४३ मध्ये सरकारने बंदी उठवली. त्या वेळी मजूरमंत्री बाबासाहेब होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबाद भागातल्या खाणीत स्वतः उतरले. फेब्रुवारी १९४४ मध्ये कायदेमंडळात त्यांना या निर्णयाचे समर्थन करावे लागले. ते करताना, स्त्रीपुरुषांना समान कामाला समान वेतनाचे तत्त्व इथे प्रथमच घातले आहे, हे त्यांनी ठासून सांगितले. फेब्रुवारी १९४६ मध्ये बंदी पुन्हा लागू झाली. ही गोष्ट सरळ नाही, आणि ती तशीच वाचली पाहिजे.

१९५२ च्या खाण कायद्याने ती बंदी कायम ठेवली. त्यामुळे मुलींना या शाखेचे दारच बंद होते. नागपूरच्या चंद्राणी प्रसाद वर्मा यांना प्रवेशासाठी न्यायालयात जावे लागले. १९९९ मध्ये त्या पदवीधर झाल्या. २०१९ च्या अधिसूचनेने स्त्रियांना जमिनीखाली जायला परवानगी दिली, पण ती तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या कामांपुरती. अधिकारी बाईला दार उघडले. टोपली वाहणाऱ्या बाईची आठवण तेव्हा कुणाला झाली नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या खाण कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली आहे. तिचे नियम शिकवणाऱ्यांनी बारकाईने वाचावेत.

पुढच्या रविवारी मी त्या मुलाला आणि त्याच्या वडिलांना घेऊन बीकेसीच्या भुयारी मेट्रो स्थानकात उतरलो. वर मिठी नदी, पलीकडे धारावी. बोगदा नदीखालून जातो. वडिलांनी विचारले, "वर नदी आहे, तर इथे पाणी कसे येत नाही?" मी सांगितले: यंत्र पुढे खडक कापत जाते आणि मागे लगेच काँक्रीटच्या कमानींचे कडे बसवत जाते, सांधे रबराने बंद करतात, मागची पोकळी सिमेंटच्या लगद्याने भरतात. खाणीत एवढा खर्च कुणी करत नाही; तिथे छत माणसाच्या अकलेवर उभे असते.

"आणि ते पडेल की नाही, हे कोण ठरवतो?" त्यांनी विचारले.

मी त्यांना भागाकार सांगितला, तिथेच फलाटावर, तिकिटाच्या मागे लिहून. ३९० आणि ५१०. त्यांनी तो कागद बराच वेळ पाहिला, घडी करून खिशात ठेवला. मुलगा ऑगस्टमध्ये नागपूरला गेला.