परवाना कुत्र्याचा, जबाबदारी माणसाची

पुण्यासारख्या शहरात कुत्रा पाळायचा तर महापालिकेचा परवाना लागतो आणि त्यासाठी रेबीजची लस दिल्याचा दाखला जोडावा लागतो. यावर नेहमीचा आक्षेप असा: ‘आमचा मोती घराबाहेरही पडत नाही, त्याला कागद कशाला?’

प्रश्न रास्त आहे. पण बघा, यात ‘मला माहीत आहे’ असा एक दावा दडलेला आहे, आणि तोच टिकत नाही. रेबीजचा विषाणू कुत्र्याच्या लाळेत लक्षणं दिसण्याच्या काही दिवस आधीच येऊ शकतो. म्हणजे कुत्रा ठणठणीत दिसतो, शेपूट हलवतो, तरी त्याचा चावा घातक ठरू शकतो. माणसात एकदा लक्षणं उमटली की मृत्यू जवळजवळ अटळ. चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायला सांगतात ती यासाठीच. तो दहा दिवस धडधाकट राहिला, तर चावताना लाळेत विषाणू नव्हता. पण हे ज्ञान दहाव्या दिवशी मिळतं, आणि उपचार तोवर थांबत नाहीत. म्हणून पुरावा आधीच हातात हवा, आणि तो पुरावा म्हणजे लसीचा दाखला.

आता इतिहास पाहू. ब्रिटनमध्ये १८९७ साली कुत्र्यांना मुसकी बांधण्याचे आदेश सक्तीने लागू झाले. श्वानप्रेमी संतापले. बाहेरून येणाऱ्या कुत्र्यांनाही वेगळं ठेवण्याचा नियम झाला, आणि १९०२ पर्यंत तिथला रेबीज संपला. पण १९१८ मध्ये तो परतला. युद्धावरून येणाऱ्या सैनिकांनी लाडके कुत्रे चोरून आणले होते. त्यांचंही कुत्र्यांवर प्रेमच होतं की! रोग पुन्हा आटोक्यात यायला १९२२ उजाडलं.

आज मुसक्यांपेक्षा चांगलं साधन आपल्याकडे आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की, वस्तीतल्या ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर रोगाची साखळी तुटते. पण प्रत्येकाने ‘माझा एक सुटला तर काय बिघडलं’ म्हटलं, तर ७० कुठून होणार?

तेव्हा पिल्लू तीन महिन्यांचं झालं की लस द्या, पुढचे डोस पशुवैद्य सांगतील तसे. कुत्रा चावला, मग तो घरचा का असेना, जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. हळद, चुना, मिरची काही लावू नका.

परवाना कुत्र्याच्या नावाने निघतो, पण तो असतो जिन्यात खेळणाऱ्या शेजारच्या पोरासाठी.