बडोद्यातील मुक्काम

विद्यापीठात परिषद भरते तेव्हा निबंधवाचनाच्याही आधी पाहुण्यांपुढे एक साधा प्रश्न उभा राहतो : उतरायचे कोठे? बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात येणाऱ्यांना तो फारसा छळत नाही. १९४९ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाची कला शाखेची घुमटाकार इमारत रेल्वे स्थानकापासून पायी जाण्याइतक्या अंतरावर आहे.

विद्यापीठाच्या अतिथिगृहातील खोल्या परिषदेच्या दिवसांत अपुऱ्या पडतात. म्हणून नावनोंदणी करतानाच निवासाची गरज संयोजकांना कळवलेली बरी. तेथे सोय न झाल्यास स्थानकालगतच्या सयाजीगंज भागात साधे लॉज आणि हॉटेले आहेत. दूरचे स्वस्त ठिकाण निवडल्यास वाचलेले पैसे रिक्षाला जातात, आणि वेळ जातो तो वेगळाच. खोली घेताना ओळखपत्र दाखवावे लागते. त्यापलीकडे पाहुण्याला काही सिद्ध करावे लागत नाही.

मधल्या वेळात पाहण्यासारखे पुष्कळ आहे. १८९० साली पूर्ण झालेला लक्ष्मी विलास राजवाडा आणि त्याच्या आवारातील संग्रहालयात असलेली राजा रविवर्म्याची चित्रे पाहायला अर्धा दिवस हवा. जुन्या शहरातील तांबेकर वाड्याची भित्तिचित्रे मराठी माणसाने चुकवू नयेत. चांपानेरला २००४ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. ते सुमारे पन्नास किलोमीटरवर असल्याने त्यासाठी परिषदेनंतरचा एक दिवस राखून ठेवावा.

विद्यापीठाच्या सर्वांत जवळ आहे ती विश्वामित्रीच्या काठची सयाजीबाग. जुने लोक तिला कमाटीबाग म्हणतात. आतल्या वस्तुसंग्रहालयात देवमाशाचा सांगाडा आणि इजिप्तची ममीही आहे. पण या बागेची खरी ओळख मुक्कामाच्याच प्रश्नाशी जोडलेली आहे.

बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ साली संस्थानच्या नोकरीसाठी येथे आले. अस्पृश्य म्हणून त्यांना हिंदू खाणावळीत थारा मिळणे शक्य नव्हते. पारशी नाव नोंदवून ते एका पारशी विश्रामगृहात राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून निघून जाण्यास बजावले. त्यांनी दोन मित्रांकडे आश्रय मागून पाहिला, तोही मिळाला नाही. मुंबईची गाडी रात्री नऊला होती. मधले पाच तास त्यांनी या बागेत काढले. हा प्रसंग त्यांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या इंग्रजी आत्मकथनात लिहून ठेवला आहे.

बागेतील ती जागा आज ‘संकल्पभूमी’ म्हणून ओळखली जाते, आणि दरवर्षी २३ सप्टेंबरला तेथे दूरदूरहून लोक येतात. परतीची गाडी रात्रीची असेल, तर खोली सोडल्यानंतरचा वेळ काढायला पाहुण्यानेही तेथेच जावे. स्थानक तेथून लांब नाही.